पडीत बागेची बखर

शाळेत इतिहास शिकवताना मी मुलांना उत्खननाचा पहिला नियम सांगत असे: वरचा थर सगळ्यांत नवा, खालचा सगळ्यांत जुना, आणि थर न बघता खणलं की पुरावा गेला. उमरखेडच्या दक्षिणेला, पैनगंगेच्या अंगाला उतरत जाणाऱ्या काळ्या जमिनीत आमची तीन एकरांची जुनी बाग आहे. सातबाऱ्यावर ती कित्येक वर्षं पड म्हणून लागत होती. यंदा पुतण्यानं तिथं हळद लावायचं मनावर घेतलं आणि तो जेसीबीवाल्याशी बोलणं करून आला. यंत्र एका दिवसात सगळं लोटून धुऱ्याला ढीग घालणार होतं. मी त्याला म्हटलं, "अक्षय तृतीयेपर्यंत थांब. हे रान मला हातानं उतरवू दे." तो थांबला. आत्याचा शब्द आमच्या घरात अजून मोडत नाहीत.

मळा सोडला की जंगल होतं, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. जंगल आमच्या तालुक्यातच आहे. खरबी, बिटरगावकडे पैनगंगा अभयारण्यात गेलं की साग, धावडा, तेंदू, मोह दिसतात. आमच्या बागेत यातलं एकही झाड आपणहून उगवलं नव्हतं. जे माजलं होतं ते बहुतेक सगळं कुणीतरी, कुठून तरी, कशासाठी तरी आणलेलं किंवा कशाबरोबर तरी आलेलं. त्यातल्या बऱ्याच झाडाझुडपांचं साल सांगता येतं. ते साल न विचारता रान पेटवून देणं मला इतिहासाची वही चुलीत घालण्यासारखं वाटतं.

वरचा थर गाजर गवताचा. नाल्याकडच्या ओलीत ते छातीला लागत होतं. बायांनी हातांना फडकी बांधली, कारण या गवतानं कातडी सोलून निघते आणि कित्येकांना दमा लागतो. भारतात ते वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेत भरलं १९५५ साली, पुण्याच्या परिसरात. पुढच्या वीसेक वर्षांत रस्ते, रूळ, गावठाणं, पडीत जमिनी त्यानं व्यापल्या. अमेरिकेच्या पीएल ४८० च्या गव्हातून ते आलं, असं आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. पण तो करार ऑगस्ट १९५६ चा आहे आणि गवत त्याच्या आधीच पुण्यात सापडलेलं होतं. अमेरिकेचा गहू १९५१ सालच्या टंचाईतही मोठ्या प्रमाणावर आला होता. गव्हाकडेच बोट दाखवायचं तर त्या गव्हाकडे दाखवावं लागेल. १९८३-८४ च्या सुमारास बंगळूरला त्याच्यावर मेक्सिकन भुंगा सोडला. आता पावसाळ्यात तो भुंगा ठिकठिकाणी पानांची चाळण करतो, पण गवत संपत नाही. एका झाडाला हजारो बिया येतात. फुलोरा धरायच्या आत, मातीत ओल असताना मुळासकट उपटणं आणि त्या जागी तरोट्याचं बी फेकणं हा उपाय मी पाहिलेल्यांत सर्वांत खरा आहे. तरोटा दाट उठला की गाजर गवताला जागा मिळत नाही, आणि कोवळ्या पानांची भाजीही होते.

त्याच्या मागे सुबाभळीची रांग होती, सरळसोट, एकमेकींना चिकटलेली. तिचं कूळ सोपं आहे. मणिभाई देसाईंच्या बाएफ संस्थेनं उरुळीकांचनहून सत्तरच्या दशकात हवाई जातीच्या सुबाभळीचा चारा म्हणून प्रसार केला. पुढे सामाजिक वनीकरणाची रोपं तालुक्याला आली तेव्हा काकांनी धुऱ्यावर ती लावली. शेळ्यांना चारा मिळाला, चुलीला जळण मिळालं. काका गेले, शेळ्या गेल्या, शेंगा फुटत राहिल्या. वेडी बाभूळही दोन ठिकाणी होती. तिला इंग्रजांनी १८७० च्या दशकात उजाड मुलखात जळणाची सोय म्हणून देशात आणलं. तिच्यावर मी फार वेळ घालवला नाही. काटा पायात मोडला की आठवडा जातो, म्हणून गड्यांनी ती आधी काढली.

खरी लढाई घाणेरीशी झाली. तिची फुलं गोड दिसतात, लाल-पिवळी, आणि लहानपणी आम्ही तिची काळी फळं खाल्ली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या कंपनी बागेत ती शोभेसाठी लावली गेली आणि साहेबांच्या बंगल्यांच्या कुंपणांवरून पाखरांच्या पोटातून देशभर पसरली. गुरं तिला तोंड लावत नाहीत, म्हणून ती वाढते. पेटवली तर राखेतून दुपटीनं फुटते. आमचे गडी कुऱ्हाडीनं ती कमरेइतक्या उंचीवर तोडत होते. बायांत एक वयस्क बाई होती. जन्म निंदण-खुरपणात गेलेला. ती खाली बसली आणि म्हणाली, "बाई, हिले वरून कापून काय फायदा? बुडातून काढा, न्हाय तं दसऱ्याले परत उभी राहीन."

तिनं करून दाखवलं. टिकासानं बुंध्याभोवतीची माती मोकळी केली. खोड जिथं संपतं आणि मूळ सुरू होतं तिथं एक गाठाळ, फुगीर भाग असतो, बोटभर मातीखाली. सगळे धुमारे त्या गाठीतून फुटतात. तिनं त्या गाठीच्या खाली, मातीत तीनचार इंच जाऊन मुख्य मूळ एका घावात तोडलं, झुडूप उचललं आणि मुळं आभाळाकडे करून उलटं ठेवलं. खाली उरलेल्या मुळाला फुटायची ताकद नसते आणि वरची गाठ उन्हात वाळून जाते. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी हीच रीत अभ्यासून मांडली आणि ती अभयारण्यांतल्या घाणेरीसाठी वापरली गेली, हे मी नंतर वाचलं. त्या बाईला ती तिच्या सासूनं शिकवली होती. मला दोन्ही गोष्टींचा सारखाच आनंद झाला.

एक थर मात्र मी शोधला आणि मिळाला नाही. तो निवडुंगाचा. आजी सांगायची, तिच्या लहानपणी बागेला चारी बाजूंनी फड्या निवडुंगाचं कुंपण होतं, पुरुषभर उंच. त्याची लाल बोंडं खाऊन पोरांची तोंडं रंगायची आणि बारीक कुसळं जिभेला टोचायची. गावकुसाला, नाल्यांना, ओसाड वाड्यांना तेव्हा निवडुंगानं वेढलेलं असे. त्यात साप, विंचू, डुकरं. "मग त्याले पांढरा कापूस लागला आन् ते वाळून गेलं," एवढंच ती सांगायची. तो कापूस म्हणजे कोचिनील किडा. त्याची कथा अठराव्या शतकाच्या शेवटी सुरू होते. किरमिजी रंग देणारा किडा हिंदुस्थानात पाळावा म्हणून इंग्रजांनी १७९५ साली ब्राझीलहून तो आणला, पण आला दुसराच. त्यानं रंग नीट दिला नाही, मात्र निवडुंगाची एक जात जवळजवळ संपवली. फड्या निवडुंग तेव्हा वाचला. त्याच्यासाठी १९२६ मध्ये सिलोनहून दुसऱ्या जातीचा किडा आणला गेला, आणि काही वर्षांत दक्षिण हिंदुस्थानातले निवडुंगाचे डोंगर बसले. एखादं तण माणसानं पुरतं हटवल्याची इतकी मोठी उदाहरणं जगात थोडी आहेत. आमच्या धुऱ्यावर त्याचं काहीच उरलेलं नाही, आणि ती रिकामी जागासुद्धा पुरावाच आहे.

घाणेरी निघाल्यावर बागेचा वरचा तुकडा मोकळा दिसू लागला. घरात त्याला अजून 'आलाचं वावर' म्हणतात. तिथं बारतोंडीचं एक झाड उभं होतं. खडबडीत, वाकडं, पांढऱ्या, वासाच्या फुलांचं, गाठाळ हिरव्या फळांचं. गडी कुऱ्हाड घेऊन पुढे झाला तेव्हा मी त्याला अडवलं.

आल म्हणजे याच कुळातली झाडं, रंगासाठी पीक म्हणून घेतलेली. वऱ्हाडात इंग्रजी अमलाच्या आधीपासून आल पिकवत. दाट पेरायचा, तिसऱ्या-चौथ्या वर्षी खणून काढायचा. रंग मुळात असतो, आणि जाड मुळापेक्षा बारीक मुळ्यांत जास्त. म्हणून एकही मुळी तुटून मातीत राहू नये अशा बेतानं खोल चर खणत जावं लागे. ही खणणी इतकी खर्चाची होती की आल हे गरिबाचं पीक नव्हतं. त्याच्या लाल रंगात रंगारी खारवा रंगवत. खारवा म्हणजे जाड, टिकाऊ, तांबडं कापड. तंबूंना, गाद्यांना आणि सावकारांच्या वह्यांना तेच. आमच्या घरातली सगळ्यांत जुनी वही खारव्यातच बांधलेली आहे.

१८६८-६९ मध्ये जर्मनीत ग्रेबे आणि लिबरमान यांनी डांबरापासून ॲलिझरिन तयार केलं. कारखान्यातली लाल पुडी बाजारात आल्यावर चार वर्षं जमीन अडवून पुरुषभर चर कोण खणणार? एका पिढीत आलाचं पीक गेलं. खणणारे मजूर कापूस वेचायला लागले. ज्या झाडांची मुळं चुकून राहिली ती बारतोंडी म्हणून धुऱ्यांवर वाढली. आता तिला कुणी विचारत नाही; फार तर बैलाच्या जूसाठी लाकूड काढतात. माझ्या लेखी त्या वावरातलं ते सगळ्यांत महत्त्वाचं झाड आहे. ते ठेवलं.

आल गेला तसे बाकीचे बागायती जिन्नसही मागे पडले. निजामानं १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. उमरखेडला रेल्वे नव्हती. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाची आम्ही अजून वाट बघतो आहोत. पण बैलगाड्यांनी कापूस निघालाच. वऱ्हाडात विहिरीवरची बागायत मुळात थोडी होती. नगदी पैसा समोर दिसल्यावर विहिरीला, मोटेला, माळ्याला कोण पोसणार? आमच्या वहीत पणजोबांच्या हातच्या नोंदी आहेत: आंबे, लिंबं, मिरची, केळी, आणि हळद. म्हणजे पुतण्या जे नवं पीक म्हणून आणतो आहे ते या मातीत आधी झालेलं आहे. ती पानं मी त्याला वाचून दाखवली तेव्हा तो बराच वेळ पुढची पानं उलटत राहिला.

आता कुंद्याबद्दल. शहरात राहणाऱ्याला कुंदा माहीत नसतो, आणि काळ्या जमिनीच्या शेतकऱ्याला तो कधी विसरता येत नाही. वरून साधं गवत. खाली मुळ्यांचं जाळं, हात-दीड हात सहज आणि कित्येकदा त्याहून खोल. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते तेव्हा भेगेच्या कडेला त्या मुळ्या पांढऱ्या दोऱ्यासारख्या लोंबताना दिसतात. हराळी वरवर पसरते, लव्हाळ्याच्या गाठी वेचता येतात. कुंदा मात्र खणूनच काढावा लागतो. जुन्या वऱ्हाडात नांगर दरवर्षी लावत नसत. वखरावर भागवत. वखराची पास जमिनीची वरची चार बोटं हलवते, कुंद्याला त्यानं काहीच होत नाही. म्हणून काही वर्षांनी वावर कुंद्यानं बसलं की सहा-आठ बैलांचा जड लाकडी नांगर जुंपायचा, किंवा चैत्र-वैशाखात मजुरांना उक्तं देऊन टिकासानं ढेकळं उलथवायची. ढेकळाची खालची बाजू वर आली पाहिजे आणि ती मृगापर्यंत उन्हात तापली पाहिजे. मुळी आतून वाळून मोडायला लागली की काम झालं असं धरायचं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर या दुखण्यावरचा पहिला आधुनिक उतारा. बेळगावात त्यांनी नांगर बनवायला घेतले तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून शेतकरी ते घ्यायला तयार नव्हते. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि पुढच्या काळात ते नांगर महाराष्ट्रभर गेले. आमच्याकडेही एक होता. त्याचा फाळ यंदा विहिरीजवळ गंजलेला सापडला.

कुंद्याचा मोठा भाऊ कांस. त्यानं मध्य भारतातली लाखो एकर काळी जमीन पडीत पाडली होती. स्वातंत्र्यानंतर धान्याची टंचाई होती, तेव्हा सरकारनं केंद्रीय ट्रॅक्टर संघटना काढली आणि १९४९ मध्ये जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचं कर्ज घेतलं. भारतानं त्या बँकेकडून घेतलेलं ते दुसरं कर्ज. पहिलं रेल्वेसाठी होतं आणि दुसरं गवत उपटण्यासाठी लागणाऱ्या ट्रॅक्टरांसाठी. त्या वेळी आमचा यवतमाळ जिल्हाही मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, म्हणजे पुढच्या मध्य प्रदेशातच होता, राजधानी नागपूर. धरणं, पोलाद, कारखाने यांच्या गोष्टी पाठ्यपुस्तकात येतात. एका नव्या देशानं गवताच्या मुळ्या तोडायला जगाकडे हात पसरला, ही गोष्टही मुलांना शिकवायला हवी. मी शिकवत असे.

आमच्या बागेत कुंदा विहिरीच्या भोवती सर्वांत दाट होता. तिथं यंत्र चालणार नव्हतं, सगळं टिकासानं काढावं लागलं. ते काढताना धाव उघडी पडली. धाव म्हणजे मोटेच्या बैलांची उतरती वाट. बैल धावेवरून खाली जात, नाडा चाकावरून ओढला जाई, मोट वर येई, सोंदुरानं धरलेली तिची सोंड थारोळ्यात मोकळी होई आणि पाणी पाटानं वाफ्यांत पळे. मग बैल उलट्या पावली वर. पहाटेपासून दुपारपर्यंत हेच. आमच्या विहिरीचं थारोळं एकसंध दगडाचं आहे. त्याच्या काठावर सोंड घासून घासून एक गुळगुळीत खोबण पडली आहे, पंजा ठेवला तर बरोबर बसेल एवढी. चामड्यानं दगड झिजायला किती पिढ्यांचं पाणी लागलं असेल! खोबणीत माती भरली होती. मी ती बोटांनी काढली आणि गड्यांना सांगितलं की या दगडाला सब्बल लावायची नाही.

बाग नेमकी कधी मोडली, याचं उत्तरही त्या विहिरीतच आहे. बहात्तरच्या दुष्काळात ती तळाला गेली. मी तेव्हा लहान होते. विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरल्याचं मला आठवतं. त्या दोन-तीन वर्षांत लिंबं वाळली, केळीचे वाफे गेले. मग वीज आली, मोटर बसली, मोट अडगळीत गेली. मोटर एक आणि वाटेकरी तीन. पाण्याच्या पाळीवरून भावाभावांत बोलणं बंद झालं. इसापूरचं धरण झालं तेव्हा कालव्याचं पाणी मिळालेल्या खालच्या जमिनी ऊस आणि केळीनं हिरव्या झाल्या, पोफळीला कारखाना होताच. आमचा तुकडा उंचावर. ज्यांच्याकडे पाणी आलं त्यांनी बागा नव्यानं उभ्या केल्या. आमची मधल्या मध्ये राहिली. कुणी ती सोडायचं ठरवलं नव्हतं. कुणाचीच पाळी येईना, एवढंच.

आंबे मात्र राहिले. सगळे गावरान, कोयीपासून वाढलेले, प्रत्येकाची चव वेगळी आणि प्रत्येकाला नाव. शेंदऱ्याचा खांदा तांबडा होतो, शेप्याला शेपूचा वास येतो, गोटी सुपारीएवढा पण रसाला मधासारखा, आणि खोबऱ्या फक्त लोणच्याचा. पुतण्याला ते काढायचे होते. सावलीत हळद येत नाही, असं त्याचं म्हणणं. आंबा, चिंच, मोह, जांभूळ ही झाडं १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत. मालकाच्या वावरात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, हे मी त्याला सांगितलं. पण कायद्याच्या धाकानं झाड वाचवणं मला पुरेसं वाटलं नाही. हळद अर्धवट सावली सोसते, पूर्वी ती बागेत झाडांच्या मधल्या पट्ट्यांतच घेत, आणि पणजोबांच्या वहीत आंबे आणि हळद एकाच वर्षाच्या एकाच पानावर आहेत. ते पान पुन्हा काढलं. शेप्या आतून पोखरला होता, त्याच्या वाळल्या फांद्या छाटल्या. बाकी सगळे उभे आहेत.

अक्षय तृतीयेनंतर पुतण्यानं मोकळ्या भागात ट्रॅक्टरनं खोल नांगरट केली. कुंद्याच्या मुळ्या वर आल्या त्या बायांनी वेचून धुऱ्यावर रचल्या. जून लागताच गादीवाफे ओढून, ठिबक अंथरून सेलमचं बेणं लावलं. घाणेरीचा एक ढीग अजून नाल्याकडे मुळं वर करून पडला आहे. पहिल्या पावसानंतर त्यात कुठे हिरवं दिसतं का, हे ती वयस्क बाई येता-जाता बघते. खरिपाची ई-पीक पाहणी सुरू झाली की पुतण्या मोबाइलवर हळद भरेल. त्याच वेळी विहीर आणि आंबेही नोंदवायचे, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे. बारतोंडीची नोंद मी पणजोबांच्याच वहीच्या उरलेल्या कोऱ्या पानावर केली: आलाचं वावर, उत्तरेचा धुरा, झाड एक, ठेवलं.